सूर्य डोंगरातून उगवतो: जलपरीची टेलिफिल्म करू पाहणाऱ्यांना किनाऱ्यावरून खुले पत्र

प्रति,
मराठी वाहिन्यांचे कार्यक्रमप्रमुख, टेलिफिल्मचे निर्माते, दिग्दर्शक आणि पटकथाकार यांस,

स. न. वि. वि.

डॅनिश लेखक हान्स ख्रिश्चन अँडरसनची जलपरीची कथा (राजपुत्रासाठी समुद्र सोडून, चेटकिणीला जीभ देऊन पाय मिळवणाऱ्या मुलीची) १८३७ साली कोपनहेगनमध्ये छापून आली. तिच्यावर मराठीत टेलिफिल्म व्हावी आणि ती कोकणच्या किनाऱ्यावर व्हावी, अशी आमची फार इच्छा आहे. परीकथा म्हणजे सुट्टीत पोरांना गप्प बसवायचा कार्यक्रम, ही समजूत आधी बाजूला ठेवा. जर्मनीतली एआरडी ही सार्वजनिक वाहिनी २००८पासून नाताळाच्या सुमारास तासातासाच्या परीकथा दाखवत आली आहे, खऱ्या वाड्यांत आणि खऱ्या रानात चित्रित केलेल्या. आपल्याकडे तर किल्ले समुद्रातच उभे आहेत.

हे पत्र लिहिणारे आम्ही किनाऱ्यावरचे आहोत. कुणी मासेमारी करतो, कुणी दशावतारात उभा राहतो, कुणी डायव्हर आहे, कुणी चित्रीकरणाला लाइट, साउंड आणि बोटी पुरवतो. आमचे म्हणणे थोडक्यात असे: या कथेत समुद्र म्हणजे मागे टांगलेला पडदा नाही. जलपरीने वर कधी यायचे, तिच्या हातात किती वेळ उरला आहे, तिचा शेवट कोणत्या क्षणी होणार, हे सगळे समुद्र आणि सूर्य ठरवतात. म्हणून पटकथा लिहायला बसाल तेव्हा मूळ कथेच्या शेजारी पंचांग आणि भरती-ओहोटीचा तक्ता ठेवा. ते न ठेवल्यामुळे काय बिघडते आणि ठेवले तर काय साधते, ते पुढे लिहिले आहे.

सुरुवात शेवटापासून करू, कारण सगळ्यात मोठी अडचण तिथेच आहे. राजपुत्राचे लग्न दुसरीशी झाले आहे, रात्र जहाजावर सरली आहे. बहिणींनी आपले केस देऊन चेटकिणीकडून सुरी आणली आहे. सूर्य उगवायच्या आत राजपुत्राला मारले नाही तर जलपरीचा फेस होणार. ती सुरी समुद्रात फेकते, आणि सूर्य समुद्रातून वर येतो. डेन्मार्कमध्ये हे ठीक आहे. कोकणात सूर्य समुद्रात मावळतो. उगवतो तो सह्याद्रीच्या मागून. यावर नेहमीची पळवाट म्हणजे संध्याकाळी सूर्यास्त टिपायचा आणि पडद्यावर पहाट म्हणून दाखवायचा, किंवा चित्र उलटे फिरवायचे. दोन्ही लगेच उघडी पडतात. संध्याकाळी दिवसभर वाहिलेल्या खाऱ्या वाऱ्याने पाण्यावर आखूड, तुटक लाटा उठलेल्या असतात. पहाटे जमिनीवरून मतलई वारा वाहत असतो आणि किनाऱ्याजवळचे पाणी तेलासारखे गुळगुळीत असते. चित्र उलटे फिरवले तर लाट वाळूवरून उठून समुद्रात शिरताना दिसते. किनाऱ्यावरच्या चार वर्षांच्या पोरालाही ते खटकेल.

त्यापेक्षा जे आहे तेच वापरा. शेवट जहाजावर घडतो, मग कॅमेरा समुद्रात न्या आणि पूर्वेकडे, म्हणजे जमिनीकडे वळवा. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पश्चिमेला बोट ठेवली की समोर किल्ल्याचा तट, त्यामागे गाव, त्यामागे डोंगर, आणि सूर्य त्या सगळ्यांच्या मागून. ज्या जमिनीसाठी तिने जीभ दिली, तिथूनच तिचा शेवट घेऊन येणारा उजेड निघतो. मूळ कथेत हे नाही, पण कथेला ते परके वाटणार नाही. आणखी एक गोष्ट आपल्या बाजूने आहे. मागे सडा, म्हणजे सपाट कातळी पठार, किंवा डोंगर असलेल्या किनाऱ्यावर ऊन उशिरा पोचते, दूरच्या पाण्यावर आधी. साठ मीटर उंचीचा सडा पुळणीपासून, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यापासून, तीनशे मीटर मागे असेल, तर सूर्य साधारण ११ अंश वर येईपर्यंत पुळण सावलीतच राहते, म्हणजे पाऊण तास सहज जातो. तेवढ्या वेळात उन्हाची कड खोल पाण्याकडून किनाऱ्याकडे सरकत येताना डोळ्यांना दिसते. मृत्यू जवळ येतो आहे हे दाखवायला यापेक्षा चांगले साधन कुठल्या स्टुडिओत मिळेल, आम्हाला ठाऊक नाही.

वेळ मात्र फार थोडा मिळतो. कोपनहेगनला उन्हाळ्यात पहाट तासन्‌तास रेंगाळते. आपल्याकडे फटफटल्यापासून सूर्य दिसेपर्यंतचा कॅमेऱ्याला पुरणारा उजेड वीस-पंचवीस मिनिटांचाच. त्यात पाण्यावर दोन, फार तर तीन शॉट होतात. म्हणून या एका प्रसंगाला सलग चार पहाटा द्या आणि प्रत्येक पहाटेला काय टिपायचे ते आधी ठरवा. नांगरलेली बोट तोंड वाऱ्याकडे करते. मतलई वाऱ्यात बोटीची नाळ (पुढचे टोक) पूर्वेला असणार, म्हणजे नाळेवर उभी असलेली जलपरी सूर्याकडे तोंड करून उभी. मागच्या बोटीवरून तिची काळी आकृती मिळेल. चेहरा हवा असेल तर कॅमेऱ्याची बोट पुढे, जमिनीच्या बाजूला न्यावी लागेल. हे एकाच पहाटे होत नाही. बोटी तीन लागतात: नटांची, कॅमेऱ्याची, आणि रिकामी तिसरी, फक्त सुरक्षेसाठी. किल्ल्याभोवती पाण्याखाली खडक आहेत, तेव्हा नांगर कुठे टाकायचा हे तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, ठरवू द्या. किल्ल्याभोवतीचे पाणी अभयारण्यातही येते. मालवण सागरी अभयारण्य १९८७ सालचे, २९.१२ चौरस किलोमीटरचे. तिथे प्रवाळ आहे, आणि त्यावर नांगर ओढला तर तुटलेले प्रवाळ कुणाच्या हयातीत भरून येत नाही.

आता भरती-ओहोटी. मूळ कथेत राजपुत्राच्या महालाच्या संगमरवरी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. जलपरी याच पायऱ्यांवर ते पेय पिते, तिथेच शुद्धीवर येते, आणि पुढे रोज रात्री भाजणारे पाय गार पाण्यात ठेवून तिथेच उभी राहते. म्हणजे पायऱ्या तीनदा-चारदा लागणार, आणि प्रत्येक वेळी पाणी ठरलेल्या पायरीवर हवे. मालवणला उधाणाच्या (पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या मोठ्या भरतीच्या) दिवशी भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आसपास असतो, भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या) दिवशी त्याच्या निम्म्याजवळ. मुंबईकडे सरकाल तसा तो वाढत जातो, चार मीटरांपलीकडे. पाणी चढते तेही सारख्या वेगाने नाही. सहा तासांत बारा भाग चढायचे असतील तर पहिल्या तासाला एक भाग, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या-चौथ्याला तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. दोन मीटरच्या उधाणाला मधल्या दोन तासांत तासाला अर्धा मीटर पाणी हलते. पायरी सतरा-अठरा सेंटिमीटरची धरली तर वीस मिनिटांत एक पायरी गेली. लाइट लावून, मेकअप नीट करून पुन्हा टेक घ्यायच्या आत चौकट बदललेली असते, शिवाय उघडी पडलेली पायरी शेवाळाने हिरवी दिसते आणि घसरते. भरती पूर्ण होण्याआधीचा अर्धा तास आणि नंतरचा अर्धा तास पाणी जवळजवळ थांबलेले असते. काम तेवढ्यात उरकायचे. पायऱ्यांना कडेला खडूने आकडे घाला आणि कंटिन्युइटीच्या वहीत वेळेसोबत पायरीचा आकडाही लिहा.

वेळ कशी काढायची? जुना ठोकताळा असा: तिथीला पाऊणने गुणा, भरतीचा तास मिळतो. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा, म्हणजे पहाटे पाच-साडेपाचला पूर्ण ओहोटी. हा फक्त अंदाज आहे. मालवण-वेंगुर्ल्याला भरती मुंबईच्या आधी लागते, शिवाय रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. पक्की वेळ छापील तक्त्यावरूनच घ्यावी. पण पटकथा लिहिताना हा ठोकताळा फार कामाचा आहे. पहाट आणि पायऱ्यांना टेकलेले पाणी हवे, तर अष्टमीच्या आसपासचे दिवस घ्या. भांग असल्यामुळे पाणीही सावकाश हलते. त्यातही वद्य अष्टमी घेतलीत तर चंद्र मध्यरात्री उगवून पहाटे डोक्यावर असतो आणि पायऱ्यांवर खरे चांदणे पडते. पहाट आणि लांबवर उघडा पडलेला कातळ हवा, तर पौर्णिमा किंवा अमावास्या.

कातळ हवाच. जलपरीला पाय मिळतात, पण प्रत्येक पाऊल सुरीच्या धारेवर पडल्यासारखे दुखते. टीव्हीवर हे बहुतेक वेळा चेहऱ्याच्या क्लोजअपवर आणि व्हायोलिनवर भागवले जाते. आमच्याकडे ओहोटीला उघडा पडणारा कातळ कालवांनी भरलेला असतो. त्यांच्या शिंपल्यांची कड इतकी धारदार असते की कालवे काढायला जाणाऱ्या बायकाही पाय जपून टाकतात. प्रेक्षकाला ती वेदना सांगावी लागत नाही. अनवाणी पाऊल आणि कालवांचा खडक एका चौकटीत आले की पुरे. यात एक धागाही जुळतो. मूळ कथेत जलपरी पंधरा वर्षांची होते तेव्हा आजी तिच्या शेपटीला आठ कालवे लावते. दुखते म्हटल्यावर सांगते की मानाच्या खुणा मिरवायच्या तर थोडे सोसावे लागते. समुद्रात शेपटीला टोचलेले कालव आणि जमिनीवर पायाला टोचणारे कालव, हे दोन शॉट एकमेकांना जोडून ठेवा. नटीला मात्र खऱ्या कालवांवर चालवू नका. पावलाखाली दोन-तीन मिलिमीटर निओप्रीनचा कातडीच्या रंगाचा तळवा चिकटवा, चालायची वाट आधी कोयतीने घासून बोथट करा, आणि धारदार खडक फक्त कॅमेऱ्यापुढे, पावलाच्या अलीकडे येऊ द्या. कालवाची जखम लवकर चिघळते. धनुर्वाताचे इंजेक्शन आधीच झालेले हवे. कापलेच तर लगेच गोड्या पाण्याने धुऊन जंतुनाशक लावावे आणि त्या दिवशी पुन्हा पाण्यात उतरू नये.

आता तिचा मुकेपणा. आमची कळकळीची विनंती इथे आहे. चेटकीण तिची जीभ कापून घेते. त्यानंतर तिच्या मनातले बोल मागून ऐकवू नका. मनातला आवाज एकदा ऐकू आला की ती मुकी उरत नाही, आणि कथेचा प्राणच जातो: राजपुत्राला खरे काय ते कधीच कळत नाही, प्रेक्षकाला मात्र कळते, तेही फक्त तिच्या डोळ्यांतून आणि हातांतून. मालिकांमध्ये शांततेची भीती असते, हे आम्हाला समजते; दोन क्षण संवाद नसला की पार्श्वसंगीत भरले जाते. इथे त्या जागी समुद्र ठेवा. समुद्राचा आवाज ही एकच चीज नाही. भरतीला लाट कातळावर फुटते, ओहोटीला वाळूवर सरपटते, भांगाला नुसती पाघळते. प्रत्येक ठिकाणी, त्याच भरतीच्या वेळेला, कुणीही न बोलता दोन-तीन मिनिटांचा आवाज वेगळा नोंदवून ठेवा, नाहीतर एडिटिंगमध्ये एका वाक्याला भरती आणि दुसऱ्याला ओहोटी ऐकू येईल. फुटणाऱ्या लाटेपासून तीस मीटरच्या आत घेतलेले संवाद बहुधा डबिंगलाच जातात. सुरूच्या बनात तर मुळीच घेऊ नका. वारा दिसत नसला तरी सुरू सतत सुसू करत असतो आणि तो आवाज मागाहून काढता येत नाही.

मुकी भूमिका कुणी करावी यावरही थोडे बोलतो. दशावतारात एक लाकडी बाकडे असते; तेच सिंहासन, तेच रथ, तेच पर्वत. पायाच्या टाकण्यावरून आणि मानेच्या वळण्यावरून ते काय आहे ते कळते. स्त्रीपार्टी करणारे पुरुष कलाकार पदराच्या एका टोकाने लाज, राग आणि हाव वेगवेगळी दाखवतात. नटीला त्यांच्यासमोर पंधरा दिवस बसवा. तालीम दिवसा ठेवा आणि तारखा आधी ठरवा, कारण कार्तिक पौर्णिमेनंतर जत्रा सुरू होतात आणि ही मंडळी रात्र-रात्र रंगमंचावर असतात. तुमचा चित्रीकरणाचा चांगला हंगामही तोच, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऐन वेळी बोलावणे आले तर ते येऊ शकणार नाहीत.

जीभ जाण्याआधी ती बोलते, गाते. तिचा आवाज समुद्रात सगळ्यांत गोड आहे. तिला आणि तिच्या बहिणींना मालवणीत बोलू द्या. 'माका जमनीर जावचा आसा' या वाक्यात जी ओढ आहे ती पुस्तकी मराठीत येत नाही. महालात प्रमाण मराठी असू द्या. मग तिचे मुकेपण दुहेरी होते: जीभ गेली, आणि उरली असती तरी महालाला ती कळली नसती. मालवणी म्हणजे हसवायला ठेवलेल्या गड्याची बोली, हा मालिकांचा शिरस्ता निदान या फिल्मपुरता मोडा. पोशाखाचेही तसेच. रायगडच्या कोळणीचे लुगडे आणि दागिने मालवणच्या गाबीत समाजातल्या बाईला चढवू नयेत. रत्नागिरीतल्या खारवी आणि दालदी मच्छीमार वस्त्यांची राहणी आणखी वेगळी. जिथे चित्रित कराल तिथल्या बायकांना विचारा.

पाण्याखालचे काम हा खर्चाचा आणि जिवाचा भाग. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मालवणचे पाणी त्यातल्या त्यात नितळ असते, तरी दहा मीटरवरचे महाल स्पष्ट दिसतील अशी आशा धरू नका. वाइड लेन्स लावा, कॅमेरा नटीपासून एक-दीड मीटरवर ठेवा. मधले पाणी जितके कमी तितके चित्र स्वच्छ. रंगांचा हिशेबही आधीच करावा लागतो. पाण्यात लाल रंग सगळ्यांत आधी मरतो, चार-पाच मीटरवरच तो करडा-तपकिरी दिसू लागतो. अँडरसनच्या जलपरीची बाग सूर्यासारखी गोल आहे आणि तिच्यात सूर्यासारखी लाल फुले आहेत. ती फुले आमच्या पाण्यात खाली लावलीत तर मेल्यासारखी दिसतील. एक तर दोन मीटरच्या आत उथळ जागी लावा, नाहीतर हातभर अंतरावरून दिवा द्या. बागेत तिने बुडालेल्या जहाजातला संगमरवरी मुलाचा पुतळा ठेवलेला आहे. त्याजागी सावंतवाडीचे लाकडी खेळणे ठेवायचा मोह होईल, पण पांगाऱ्याचे लाकूड तरंगते. आतून वजन बांधा किंवा पुतळा सिमेंटमध्ये ओतून घ्या. खेळण्याऐवजी गंजिफाचा, म्हणजे सावंतवाडीच्या जुन्या पत्त्यांच्या खेळातला, एखादा रंगवलेला गोल पत्ता अलगद खाली येताना दाखवलात तर ते जास्त शोभेल.

शेपटी दोन प्रकारे होते. सिलिकोनची दिसायला सुंदर, पण पंधरा-वीस किलोची. जमिनीवर दोन माणसांनी उचलून न्यावी लागते आणि तिच्यात अडकलेल्या नटीला स्वतःहून उठता येत नाही. ताणणाऱ्या कापडाची, आत एकपाती फिन (दोन्ही पायांना मिळून एकच वल्ह्यासारखे पाते) असलेली, तीनेक किलोत भागते आणि पाच सेकंदांत उतरवता येते. पहिली जवळच्या, थांबलेल्या शॉटसाठी ठेवा, पोहायचे सगळे दुसरीत करा. चेन असेल तर रोज गोड्या पाण्यात धुवा. मीठ आणि वाळू बसली की ती नेमकी पाण्यात असताना अडकते. १९७६मध्ये चेक दिग्दर्शक कारेल काखिन्या यांनी याच कथेवर चित्रपट केला तेव्हा समुद्रातल्या माणसांना शेपट्या दिल्याच नाहीत. वाहते कपडे, शिंपल्यांची शिरोभूषणे आणि निळसर रंगभूषा यांवर काम साधले. बजेट कमी असेल तर वाईट कॉम्प्युटर-शेपटीपेक्षा हा मार्ग शंभर पटींनी बरा.

नटीबरोबर पाण्यात तिच्या एकटीसाठी एक डायव्हर असलाच पाहिजे, कॅमेऱ्याच्या माणसाने ते काम करायचे नाही. एक शॉट वीस-तीस सेकंदांचा, मध्ये दोन-तीन मिनिटे विश्रांती. खाली रेग्युलेटरमधून, म्हणजे डायव्हर तोंडात धरतात त्या हवेच्या साधनातून, हवा द्यायची असेल तर एक नियम सगळ्यांना तोंडपाठ हवा: ती हवा घेतल्यावर श्वास रोखून वर यायचे नाही, वर येताना सोडत यायचे. पाच मीटरवर घेतलेली हवा पृष्ठभागाशी दीडपट होते आणि फुप्फुस फाटू शकते. सत्तावीस अंशांचे पाणी कोमट वाटते, तरी ते अंगातली ऊब ओढत राहते. चाळीस मिनिटांनंतर ओठ निळे पडतात आणि मेकअपखाली ते कुणाच्या लक्षात येत नाही. घड्याळ लावून बाहेर काढा. चेहऱ्याचे क्लोजअप तलावात, काळी ताडपत्री लावून, सुखाने होतात.

वादळ मात्र समुद्रात घेऊ नका, कितीही मोह झाला तरी. जहाजाचा तुकडा वाळूच्या पोत्यांवर ठेवून बांबूच्या तरफांनी डोलवा, दोनशे लिटरचे दोन पिंप उतरत्या पन्हळीवरून सोडा म्हणजे पाणी पसरून येईल. दोनशे लिटर म्हणजे दोनशे किलो. ते सरळ डोक्यावर पडले तर मान मोडेल. आणि दिवा पाण्याच्या मागून द्या. समोरून दिलेल्या उजेडात पाऊस दिसतच नाही.

परवानग्यांचे झटकन सांगतो. सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत, अर्ज खूप आधी करा. मासेमारीच्या होडीला माणसे वाहण्याचा परवाना नसतो. बंदर खात्याकडून तो वेगळा घ्यावा लागतो. चिपीचा विमानतळ जवळ असल्यामुळे परुळे-भोगवे भागात ड्रोन मनमानी उडवता येत नाही. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, पिल्ले मेपर्यंत बाहेर पडतात. त्या किनाऱ्यांवर रात्री लाइट लावले तर पिल्ले समुद्राऐवजी लाइटकडे चालू लागतात आणि सकाळपर्यंत मरतात. रात्रीचे प्रसंग वाळूवर घेऊच नका, पायऱ्यांवर किंवा धक्क्यावर घ्या. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, दाखवायची असेल तर खरी ओढली जात असताना दोन कॅमेऱ्यांनी टिपा आणि रापणकरांना मोबदला द्या. तिचा दुसरा टेक होत नाही. जाळे एकदा ओढले की त्या दिवसाची कमाई ठरलेली असते.

हक्कांचेही सांगायला हवे. अँडरसन १८७५मध्ये वारला, त्याची कथा सगळ्यांची आहे. मराठी अनुवाद मात्र अनुवादकाचा असतो, त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे. १९८९च्या अमेरिकन ॲनिमेशनपटातली नावे, गाणी, गाणारा खेकडा आणि गोड लग्नाचा शेवट त्या कंपनीचे आहेत. ते टाळले की मूळ कथेपाशीच यावे लागते, आणि तिच्यात तुम्हाला पुरेल इतके आहे. जाहिराती तासाला बारा मिनिटांपर्यंत येणार हे धरून ब्रेकची जागा आत्ताच ठरवा: चेटकिणीकडे जाण्याआधी एक. जीभ गेल्यापासून महालातल्या पहिल्या नाचापर्यंत एकही नको.

राहिला फेस. हिवाळ्यात, तुम्ही आलेले असताना, समुद्र शांत असतो आणि फेस पातळ, क्षणात विरणारा. दाट फेस पावसाळ्यात होतो, मेलेल्या सूक्ष्म शेवाळाचे पाण्यात मिसळलेले अंश साबणासारखे काम करतात आणि लाटा ते घुसळतात तेव्हा. म्हणून फेसाचे क्लोजअप जुलै-ऑगस्टमध्ये वेगळे टिपून ठेवा, बोट न घेता, किनाऱ्यावरून, लांब लेन्सने. खाडीच्या मुखाशी तो गढूळ, पिवळट असतो. जिथे जवळपास खाडी नाही अशा कातळी टोकाशी पांढरा मिळतो. तिवईच्या पायांखाली फळी घाला, परतणारी लाट पायाखालची वाळू घेऊन जाते. लेन्सवर उडालेले पाणी शर्टाच्या टोकाने पुसू नका. आधी गोड्या पाण्यात भिजवलेले फडके, मग कोरडे, नाहीतर मिठाचे कण काचेवर चरे पाडतात. धुण्याच्या पावडरचा फेस समुद्रात सोडू नका. त्याचे बुडबुडे मोठे, इंद्रधनुषी दिसतात, आणि ते पाणी माशांच्या पोटात जाते.

फेसानंतर अँडरसनची जलपरी हवेच्या लेकींमध्ये, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या अदृश्य जिवांमध्ये, जाते. हा भाग टीव्हीवर बहुतेक गाळला जातो, कारण तो कसा दाखवायचा ते सुचत नाही. डिसेंबर-जानेवारीत थंडी चांगली पडली की देवबागला कर्ली खाडीच्या कोमट पाण्यावरून पहाटे वाफ उठते, आणि मतलई वारा तिला खाडीतून समुद्राकडे नेतो. सूर्य डोंगराआडून वर येईपर्यंत ती टिकते, नंतर ऊन लागले की पाच-दहा मिनिटांत विरते. वद्य अष्टमीची पहाट धरा, बोट खाडीच्या तोंडाशी आडवी लावा, कॅमेरा पूर्वेला करा, आणि इंजिन बंद ठेवा. आम्ही वल्ही घेऊन येऊ.

आपले,
कोकण किनाऱ्यावरचे काही मच्छीमार, दशावतारी कलाकार, डायव्हर आणि चित्रीकरणाचे तंत्रज्ञ